कपाळावरची अल्फा लहर

बेशुद्ध रुग्णाच्या मेंदूतलं आता कृत्रिम बुद्धिमत्तेला वाचता येतं, अशा थाटाच्या बातम्या अधूनमधून येतात. मुळात काम असतं ते गुंगी मोजायचं, आणि ते मन वाचण्यापेक्षा कितीतरी रंजक आहे.

घशात व्हेंटिलेटरची नळी असलेला माणूस पूर्ण शुद्धीवर असेल तर पहिल्यांदा नळीच ओढायला जातो. म्हणून अतिदक्षता विभागात गुंगीची औषधं देतात. कमी पडली तर जीव कासावीस होतो, जास्त झाली तर मुक्काम लांबतो. शिकागोतल्या १२८ रुग्णांवरची एक चाचणी २००० साली प्रसिद्ध झाली. ज्यांचं औषध रोज एकदा थांबवून त्यांना जागं होऊ दिलं, त्यांचा व्हेंटिलेटरवरचा मध्यक काळ ४.९ दिवस होता, इतरांचा ७.३.

गुंगी मोजतात कशी? सिस्टर नावाने हाक मारतात. रुग्णाने डोळे उघडून दहा सेकंदांहून जास्त नजर दिली तर उणे १, त्याहून कमी टिकली तर उणे २. हाकेला काहीच नाही पण खांदा हलवल्यावर हालचाल झाली तर उणे ४, तरीही नाही तर उणे ५. शांत आणि जागा तो शून्य, मारायला धावणारा अधिक ४. ही रिचमंड मोजपट्टी. साधी आणि चांगली, पण दोन तपासण्यांच्या मधल्या तासांत काय झालं ते ती सांगत नाही. तिथे ईईजी, म्हणजे डोक्यावर चकत्या लावून घेतलेला मेंदूतल्या विद्युतलहरींचा आलेख, उपयोगी पडतो.

आता माझा आवडता भाग. जागेपणी डोळे मिटून स्वस्थ बसलात, की डोक्याच्या मागच्या बाजूला सेकंदाला ८ ते १२ वेळा हेलकावणारी अल्फा लहर उठते. प्रोपोफॉल हे गुंगीचं औषध दिलं की ती मागे विरते आणि साधारण त्याच लयीची लहर कपाळामागे उभी राहते. कारण असं : मेंदूत चेतापेशींना गप्प करणारं गाबा नावाचं रसायन असतं. प्रोपोफॉल त्याचा परिणाम वाढवतं आणि लांबवतं. पेशींचा प्रत्येक गलका झाला की नेहमीपेक्षा लांब शांतता, मग पुन्हा गलका. मेंदूचं बाह्यक आणि खोलवरचा थॅलॅमस एकमेकांना निरोप देत या लयीत अडकतात. तोच तो निरोप फिरत राहिला की नव्या निरोपाला वाट मिळत नाही. सोबत सेकंदाला एकाहून कमी वेगाच्या संथ, उंच लाटाही असतात. म्हणजे एकच लय मागे असेल तर निवांतपणा आणि पुढे असेल तर बेशुद्धी! ‘अल्फा लहरी वाढवा, बुद्धी वाढवा’ म्हणून पट्टे आणि शिबिरं विकणाऱ्यांना हे कुणीतरी सांगायला हवं.

मशीन लर्निंग इथे काय करतं? ईईजीचे काही सेकंदांचे तुकडे पाडतं, फूरिये रूपांतर या गणिती रीतीने प्रत्येक तुकड्यातल्या निरनिराळ्या वारंवारतांची ताकद काढतं, आणि त्या वेळी सिस्टरांनी दिलेल्या आकड्याशी ती जुळवत जातं. अशी हजारो उदाहरणं पाहून ते नव्या तुकड्याला आकडा देतं. पण प्रोपोफॉलवर शिकलेलं यंत्र केटामिन या दुसऱ्या भुलीच्या औषधापुढे गडबडतं, कारण केटामिनने वेगवान लहरी वाढतात आणि बेशुद्ध माणूस यंत्राला जागा वाटू शकतो. वयाबरोबर कपाळावरची अल्फाही क्षीण होते, त्यामुळे तरुणांवर शिकलेलं यंत्र म्हाताऱ्यांच्या बाबतीत चुकतं.

मोठी अडचण मात्र उत्तरपत्रिकेतच आहे. यंत्राचे गुरू सिस्टर, आणि त्यांची मोजपट्टी बघते हालचाल. स्नायू शिथिल करणारं औषध दिलेला रुग्ण आतून टक्क जागा असला तरी तिच्यावर उणे ५ च. यंत्राची खरी गरज अशाच रुग्णाला, आणि त्याच्याबद्दल खरं उत्तर शिकवणारं कुणी नाही. कपाळावरच्या ईईजीवरून भुलीची खोली ० ते १०० मध्ये (१०० म्हणजे पूर्ण जागा) सांगणारी बिस यंत्रं १९९० च्या दशकापासून वापरात आहेत. ४० ते ६० म्हणजे शस्त्रक्रियेपुरती भूल. काही निरोगी स्वयंसेवकांना भूल न देता नुसतं स्नायू शिथिल करणारं औषध दिलं, तेव्हा कपाळाच्या स्नायूंचे संकेत थांबले आणि आकडा ६० च्याही खाली उतरला. एका हातापर्यंत औषध पोचू दिलं नव्हतं. त्या हाताने ते प्रश्नांना उत्तरं देत होते.