फायरवॉल क्लस्टर : राखीव क्षमता व भारविभागणी

संस्थेचे अंतर्गत जाळे व इंटरनेट यांच्या सीमेवर दोन किंवा अधिक फायरवॉल (येणारी-जाणारी वाहतूक तपासून नको ती अडवणारी उपकरणे) एकाच सामायिक पत्त्यामागे चालवण्याच्या रचनेस फायरवॉल क्लस्टर म्हणतात. एक फायरवॉल बंद पडल्यास, शक्यतो चालू जोडण्या न तुटता, वाहतूक उरलेल्या फायरवॉलकडे वळते. एक सक्रिय व दुसरी सज्ज राखीव, किंवा सर्व सदस्य एकाच वेळी सक्रिय, असे तिचे दोन प्रकार रूढ आहेत.

सामायिक पत्त्याची कल्पना राउटरांकडून (जाळी एकमेकांना जोडणाऱ्या उपकरणांकडून) आली असून तिच्या उगमाविषयी मतभेद आहेत. सिस्को कंपनीचा एचएसआरपी हा प्रोटोकॉल (उपकरणांमधील संवादाची नियमावली) मार्च १९९८ मध्ये आरएफसी या इंटरनेटविषयक तांत्रिक दस्तऐवजमालेतील आरएफसी २२८१ या माहितीपर दस्तऐवजात, तर त्याच कामाचा व्हीआरआरपी एप्रिल १९९८ मध्ये आरएफसी २३३८ मध्ये प्रसिद्ध झाला. मात्र एचएसआरपीचा प्रत्यक्ष वापर त्याआधी, बहुधा १९९० च्या दशकाच्या मध्यास, सुरू झाला असावा. व्हीआरआरपी आपल्या पेटंटच्या कक्षेत येतो, अशी सिस्कोची भूमिका होती, आणि त्यावरून तो एचएसआरपीचेच रूपांतर मानला जातो. तथापि आरएफसी २३३८ मध्ये एचएसआरपीबरोबर डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या आयपी स्टँडबाय प्रोटोकॉलचाही तत्सम म्हणून उल्लेख असल्याने, समान गरजेतून झालेल्या समांतर विकासाचे मत अधिक ग्राह्य वाटते. पेटंटची अडचण टाळण्यासाठी ओपनबीएसडी या मुक्त कार्यप्रणालीच्या प्रकल्पाने कार्प हा स्वतंत्र प्रोटोकॉल रचला व मे २००४ मधील ३.५ या आवृत्तीत तो दिला. त्यास अधिकृत प्रोटोकॉल क्रमांक न मिळाल्याने व्हीआरआरपीचाच ११२ हा क्रमांक वापरण्यात आला. दोघांच्या आभासी मॅक पत्त्यांचा (स्थानिक जाळ्यात उपकरण ओळखणाऱ्या पत्त्यांचा) आरंभीचा भागही एकच असल्यामुळे, एकाच जाळ्यात समान गट-क्रमांक दिल्यास त्यांचे पत्ते एकमेकांवर आदळतात.

व्हीआरआरपीमध्ये मुख्य सदस्य सामान्यतः दर सेकंदाला आपण चालू असल्याची सूचना प्रसारित करतो. प्राधान्य १०० असलेला राखीव सदस्य या सूचना न मिळाल्यास सुमारे ३.६ सेकंदांनी सूत्रे हाती घेतो.

फायरवॉलच्या बाबतीत केवळ पत्ता हलवणे पुरत नाही, कारण प्रत्येक जोडणीची नोंद तिच्या स्मृतीत असते. ही नोंद दुसऱ्या सदस्याकडे अखंड पाठवावी लागते. कार्पच्या जोडीला पीएफसिंक हा प्रोटोकॉल हे काम करतो. सर्वात बिकट प्रश्न आयपीसेक बोगद्यांचा, म्हणजे दोन टोकांमधील कूटबद्ध जोडण्यांचा, आहे. तेथे प्रत्येक पॅकेटागणिक (माहितीच्या तुकड्यागणिक) वाढणारा अनुक्रमांक तितक्याच वेगाने पाठवणे व्यवहार्य नसते. त्यामुळे सूत्रे घेणारा सदस्य जुन्या क्रमांकापासून पाठवू लागला, तर पलीकडील बाजू ती पॅकेटे पुनरावृत्त समजून टाकून देते. आरएफसी ६०२७ (२०१०) ने ही अडचण नेमकेपणाने मांडली, आणि आरएफसी ६३११ (२०११) ने क्रमांक पुढे सरकवण्याची पद्धत दिली.

सर्व सदस्य सक्रिय असलेल्या भारविभागणीत परतीचे पॅकेट भलत्याच सदस्याकडे जाण्याचा धोका असतो. तेथे जोडणीची नोंद पोचलेली नसल्यास ते अडवले जाते; पत्ता-रूपांतरामुळे (अंतर्गत पत्त्याऐवजी बाहेरचा पत्ता लावल्यामुळे) दोन्ही दिशांचे पत्ते वेगळे दिसत असतील, तर हा धोका वाढतो.

नियोजनात सर्वाधिक दुर्लक्ष क्षमतेच्या हिशोबाकडे होते. दोन समान फायरवॉल प्रत्येकी ६० टक्के भाराने चालत असतील, तर एक बंद पडताच दुसरीवर १२० टक्के भार येतो, म्हणजेच राखीव क्षमता केवळ कागदावर राहते. एक सदस्य गमावण्याची तयारी ठेवायची, तर गर्दीच्या वेळचा प्रत्येकीवरील भार दोन सदस्यांत ५०, तिघांत सुमारे ६६ व चौघांत ७५ टक्क्यांच्या आत असावा लागतो. नोंदी पाठवण्याचा खर्च या मर्यादेतूनच भागवायचा असल्याने प्रत्यक्षात याहूनही कमी भार धरणे इष्ट ठरते.