कुटुंबाचा धर्मादाय ट्रस्ट नोंदवताना अर्ज कुठे अडतो

आईवडिलांच्या नावाने शिष्यवृत्ती सुरू करायची, गावच्या शाळेला दरवर्षी मदत करायची, जुना वाडा वाचनालयाला द्यायचा, अशा विचाराने ट्रस्ट काढणारी कुटुंबं महाराष्ट्रात पुष्कळ आहेत. हेतू चांगला असतो, पैसा स्वतःचा असतो, तरीही धर्मादाय कार्यालयातून, म्हणजे सार्वजनिक ट्रस्टची नोंदणी करणाऱ्या सरकारी कार्यालयातून, त्रुटी काढून अर्ज परत येतो. तिथून सुटलं की आयकर खात्यात पुन्हा तेच. बहुतेक हरकतींचं मूळ एकच असतं. देणाऱ्याला वाटतं, ट्रस्ट आपला आहे. कायद्याच्या लेखी मात्र पैसे ट्रस्टला दिले की ते कुटुंबाचे राहत नाहीत. हे आधी मनाशी पक्कं करा, मग कागद जमवायला लागा.

आपल्याकडे कुटुंबाच्या पैशावर चालणाऱ्या धर्मादाय संस्थांसाठी अमेरिकेतल्यासारखा वेगळा कायदेशीर वर्ग नाही. नावात फाउंडेशन असो, प्रतिष्ठान असो की ट्रस्ट, प्रश्न एवढाच विचारला जातो: लाभ कोणाला? ठरावीक, नावानिशी सांगता येतील अशा माणसांना असेल, म्हणजे नातवंडांचं शिक्षण, बहिणीचा सांभाळ वगैरे, तर तो खासगी ट्रस्ट. त्याला भारतीय न्यास अधिनियम, १८८२ लागू होतो. धर्मादाय आयुक्तांचा तिथे संबंध नाही आणि धर्मादाय म्हणून करसवलतही नाही. लाभ समाजाला किंवा समाजाच्या एखाद्या मोठ्या भागाला असेल, तर तो सार्वजनिक ट्रस्ट. सगळे पैसे एकाच घरातून आले आणि विश्वस्त सगळे एकाच आडनावाचे असले तरी त्याला महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० लागू होतो. या कायद्याला २०१२ पर्यंत मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम म्हणत, म्हणून जुन्या कागदांवर तेच नाव दिसतं. गोंधळून जाऊ नका, कायदा तोच आहे.

धर्मादाय हेतू कोणते, ते कलम ९ मध्ये दिलं आहे: गरिबी किंवा संकटनिवारण, शिक्षण, वैद्यकीय मदत, समाजहिताच्या दृष्टीने करमणुकीच्या सोयी, आणि सर्वसाधारण लोकोपयोगाचं इतर कोणतंही काम. या चौकटीत बहुतेकांचं काम बसतं. अडतं ते न्यासपत्राच्या भाषेत.

न्यासपत्र, म्हणजे ट्रस्ट डीड, लोक कुठूनतरी तयार मसुदा आणतात आणि नावं बदलतात. त्या मसुद्यात पाचपन्नास उद्देश असतात, गोशाळेपासून वैद्यकीय महाविद्यालयापर्यंत. तुम्हाला शिष्यवृत्ती द्यायची असेल तर शिष्यवृत्ती लिहा, फार तर त्याच्या आसपासची चार कामं. पुढे आयकर खातं प्रत्येक उद्देशाबद्दल विचारू शकतं की याखाली काय केलंत.

‘आमच्या ज्ञातीतील गरजू विद्यार्थ्यांसाठी’ हे वाक्य सर्वांत जास्त घात करतं. राज्याच्या कायद्याखाली असा ट्रस्ट नोंदला जाऊ शकतो. आयकर कायद्यात मात्र एका विशिष्ट धर्माच्या किंवा जातीच्या लाभासाठी काढलेल्या धर्मादाय ट्रस्टला करसवलत नाकारलेली आहे, आणि दात्यांना दिलेल्या देणगीवर आयकरात मिळणारी वजावटही, जिला ८० जी म्हणतात. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, मागासवर्ग, स्त्रिया आणि मुलं यांच्यासाठीचं काम या बंधनात येत नाही. आजोबांची इच्छा ज्ञातीपुरती होती हे मी समजू शकतो, पण न्यासपत्रात तसं लिहिलं तर पुढची दारं तुम्हीच बंद करता. ‘कुटुंबातील मुलांना प्राधान्य’ हे कलमही काढून टाका. ज्या विश्वस्तांना ते कलम निरुपद्रवी वाटतं त्यांनी १९६१ च्या जुन्या आयकर कायद्यातलं कलम १३ एकदा वाचावं. संस्थापक, विश्वस्त, मोठे देणगीदार आणि या सर्वांचे नातेवाईक यांना ट्रस्टच्या पैशाचा फायदा झाला तर करसवलत धोक्यात येते. मुलाने ट्रस्टसाठी खरंच काम केलं तर त्याला वाजवी मोबदला देता येतो. नाहक पगार, बाजारभावापेक्षा जास्त भाडं किंवा व्याजाविना कर्ज मात्र चालत नाही.

न्यासपत्रात आणखी तीन गोष्टी स्पष्ट हव्यात. ट्रस्ट अपरिवर्तनीय आहे, म्हणजे देणाऱ्याला तो मोडून पैसे परत घेता येणार नाहीत. ट्रस्ट बंद पडला तर मालमत्ता तशाच हेतूच्या दुसऱ्या धर्मादाय संस्थेकडे जाईल, संस्थापकाकडे किंवा वारसांकडे नाही. आणि विश्वस्तांची मुदत. पूर्वी सगळी नावं ‘आजीव विश्वस्त’ म्हणून लिहून टाकायची पद्धत होती. २०२५ च्या दुरुस्तीने राज्यात आजीव विश्वस्तांवर मर्यादा आली आहे, त्यामुळे जुना मसुदा उचलू नका. मुदत किती, फेरनियुक्ती कशी, नवा विश्वस्त कोण नेमणार, सभेची सूचना किती दिवस आधी द्यायची, हे सगळं आकड्यांत लिहा. सूचनेचे दिवस लिहिताना आपल्याला ते खरोखर पाळता येतील का, याचा विचार करा. का, ते पुढे येईलच.

आता तो कागद, जो जवळजवळ कोणाकडेच धड नसतो: नोंदणीकृत कार्यालयाच्या जागेचं ना हरकत पत्र. ट्रस्टचा पत्ता म्हणून लोक राहत्या घराचा पत्ता देतात. मग घर कोणाचं, याचा पुरावा मागितला जातो. वीजबिल आजोबांच्या नावावर, घरपट्टी वडिलांच्या नावावर, आजोबा आणि वडील दोघंही हयात नाहीत, आणि ना हरकत पत्रावर सही मुलाची. मुलगा त्या घरात जन्मल्यापासून राहतो, पण कागदावर तो मालक नाही. टेबलावरचा माणूस त्रुटी काढतो आणि इथे त्याचं चूक नसतं. चूक एवढीच, की नक्की कोणता कागद आणला म्हणजे चालेल हे तो एका वाक्यात सांगत नाही, आणि अर्जदार दर वेळी नवं वीजबिल घेऊन येत राहतो. सोपा मार्ग असा: ज्याच्या नावावर जागेचा स्वच्छ कागद आहे, म्हणजे इंडेक्स टू (नोंदवलेल्या दस्ताचा उतारा), मिळकत पत्रिका किंवा चालू घरपट्टीची पावती, अशा विश्वस्ताचा पत्ता घ्या. तसं कोणी नसेल तर सर्व वारसांच्या सह्यांचं ना हरकत पत्र, मृत्यूचे दाखले आणि वारस कोण हे सांगणारं प्रतिज्ञापत्र एकत्र लावा. भाड्याची जागा असेल तर करारनामा आणि मालकाची संमती लागते.

बाकीचे कागद साधे आहेत: परिशिष्ट दोनमधला अर्ज, मूळ न्यासपत्र आणि प्रत, प्रत्येक विश्वस्ताचं संमतीपत्र आणि ओळखपत्र, प्रतिज्ञापत्र, स्थावर-जंगम मालमत्तेची यादी, कोर्ट फी, वकील असल्यास वकालतनामा. नावाचं स्पेलिंग आधार, पॅन आणि न्यासपत्र या तिन्हींवर सारखं असू द्या. स्थावर मालमत्ता ट्रस्टला देत असाल तर दस्त दुय्यम निबंधकाकडे नोंदवावाच लागतो, नोटरी पुरत नाही.

अर्ज जिल्ह्याच्या सहायक किंवा उप धर्मादाय आयुक्तांकडे करायचा. धर्मादाय संघटनेच्या संकेतस्थळावर तो भरायचा आणि मग छापील संच कार्यालयात द्यायचा. ऑनलाइन भरला म्हणजे दाखल झाला असं समजून लोक घरी बसतात. तसं करू नका, छापील संच देऊन पोच घ्या. ट्रस्ट स्थापन झाल्यापासून तीन महिन्यांत अर्ज करणं हे कलम १८ प्रमाणे विश्वस्तांचं कर्तव्य आहे. ही मुदत न्यासपत्राच्या तारखेपासून चालते. म्हणून जागेचे कागद हातात आल्याशिवाय न्यासपत्रावर सह्या करू नका. त्यानंतर कलम १९ ची चौकशी होते, निष्कर्ष नोंदवला जातो आणि नोंदवहीत क्रमांक मिळतो. ट्रस्टचा क्रमांक सहसा ई अक्षराने सुरू होतो, सोसायटी म्हणून नोंदलेल्या संस्थेचा एफ ने.

क्रमांक मिळाला की ट्रस्टचं पॅन काढायचं आणि त्यावर बँक खातं उघडायचं. या मधल्या काळात देणग्या घेऊ नका. उत्साहाच्या भरात एखाद्या विश्वस्ताच्या खात्यावर पैसे घेतले जातात, आणि तो आकडा पुढे ट्रस्टच्या हिशेबात कसा आणायचा याचं उत्तर कोणाकडेच नसतं.

पुढचा टप्पा आयकराचा. लोक याला अजून बारा-ए (ट्रस्टच्या उत्पन्नाला करसवलत) आणि ८० जी (दात्यांना वजावट) म्हणतात, म्हणून मीही तेच शब्द वापरतो. १ एप्रिल २०२६ पासून आयकर अधिनियम, २०२५ लागू झाला असून कलमांचे क्रमांक बदलले आहेत. त्यामुळे जुना नमुना शोधत बसू नका, पोर्टलवर जो आहे तोच भरा. दोन्हींचे अर्ज वेगळे आहेत. एक केला म्हणजे दुसरा आपोआप होत नाही.

सर्वांत जास्त अर्ज मुदतीच्या गैरसमजातून बुडतात. नव्या ट्रस्टला आधी तीन वर्षांची तात्पुरती नोंदणी मिळते. प्रमाणपत्रावर तीन वर्षं दिसली की सगळे निर्धास्त होतात. पण २०२१ पासूनचा नियम असा, की नियमित नोंदणीचा अर्ज तात्पुरती मुदत संपण्याच्या किमान सहा महिने आधी करायचा, किंवा काम सुरू झाल्यापासून सहा महिन्यांत करायचा, आणि या दोन्हींपैकी जे आधी येईल ते धरायचं. समजा जूनमध्ये तुम्ही शाळेत वह्या वाटल्या. काम सुरू झालं. तुमची मुदत डिसेंबरमध्ये संपली, प्रमाणपत्रावर पुढची दोन-अडीच वर्षं शिल्लक दिसत असली तरी. ‘एवढंसं वाटप म्हणजे काही काम नव्हे’ हा युक्तिवाद करायची वेळ येऊ देऊ नका. पहिल्या खर्चाच्या पावतीवरची तारीख लिहून ठेवा आणि तिथून महिने मोजा.

दुसरं, या अर्जावर प्रश्नांची नोटीस पोर्टलवर आणि ईमेलवर येते आणि उत्तराला दिवस थोडे असतात. ईमेल बहुतेकदा अर्ज भरून देणाऱ्याचा दिलेला असतो. तो पाहत नाही, तुम्हाला कळत नाही, उत्तर जात नाही, अर्ज फेटाळला जातो. त्याबरोबर तात्पुरती नोंदणीही रद्द होते, हे बऱ्याच जणांना नंतर कळतं. वह्या वाटून मोकळ्या झालेल्या, निवृत्तीचे पैसे घातलेल्या माणसांवर ही पाळी आलेली पाहवत नाही. म्हणून ईमेल आणि फोन विश्वस्ताचाच द्या. नोटिशीत कामाचे फोटो, खर्चाच्या पावत्या, लाभार्थ्यांची यादी, बँकेचे उतारे आणि देणगीदारांचे तपशील मागतात. शाळेच्या मुख्याध्यापकांचं साधं पोचपत्र फार उपयोगी पडतं. वाटपाच्या दिवशीच घ्या.

८० जी मिळाल्यावर देणगीदारांना खरी माहिती सांगा. २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख देणगीवर वजावट नाही. ज्याने नवी करप्रणाली निवडली आहे त्यालाही ही वजावट नाही. देणग्यांचं विवरण वर्ष संपल्यावर ३१ मेपर्यंत भरलं नाही तर देणगीदाराचं प्रमाणपत्र तयार होत नाही, आणि दंड ट्रस्टला बसतो. उत्पन्नाचा किमान ८५ टक्के भाग उद्दिष्टांवर खर्च करण्याचा नियमही पहिल्या वर्षापासून ध्यानात ठेवा.

नोंदणी झाली की फाइल कपाटात जाते आणि दहा वर्षांनी एक विश्वस्त वारतो. मग बँक परिशिष्ट एकचा, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या नोंदवहीचा, उतारा मागते. त्यावर जुनीच नावं असतात. विश्वस्त बदलला, पत्ता बदलला, मालमत्ता आली किंवा गेली, की ९० दिवसांत राज्याच्या कायद्यातल्या कलम २२ खाली धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट, म्हणजे बदलाचा अहवाल, द्यावा लागतो. लोक ९० दिवस ठरावाच्या तारखेपासून मोजतात. मृत्यूची नोंद असेल तर बदल घडला तो मृत्यूच्या दिवशी, सभा पुढे केव्हाही होवो. उशीर झाला तर कारण देऊन आणि खर्च भरून माफी मागता येते, पण एकाच्या मागे पाच बदल साठले की पहिला मंजूर झाल्याशिवाय पुढचा सरकत नाही.

चेंज रिपोर्ट फेटाळला जातो तो बहुधा सभेच्या सूचनेवर. न्यासपत्रात १५ दिवसांची सूचना लिहिलेली असते आणि घरचेच सगळे म्हणून फोनवर सांगून रविवारी सभा घेतलेली असते. ठराव असतो, सह्या असतात, सूचना दिल्याचा पुरावा नसतो. सूचना लेखी काढा, विषयपत्रिका त्यात लिहा, प्रत्येकाची पोच सही घ्या किंवा पोस्टाची पावती जपा. घरातल्या माणसाची सही मागायला संकोच वाटतो, पण पुढे दोन भावांचं बिनसलं तर हाच कागद उपयोगी पडतो. हरकत नसेल तर विश्वस्तबदलाचा अहवाल आता लवकर मंजूर होऊ शकतो, कारण २०१७ च्या दुरुस्तीने आधी तात्पुरती मान्यता देऊन ३० दिवसांत हरकती मागवण्याची सोय झाली आहे. ही सोय आहे हे कार्यालयातून कोणी आपणहून सांगेल अशी वाट पाहू नका. अर्जात तशी विनंती लिहा.

वाडा किंवा जमीन ट्रस्टला दिली असेल तर ती विकायला, अदलाबदल करायला किंवा बक्षीस द्यायला धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. शेतजमीन दहा वर्षांहून जास्त किंवा इतर जागा तीन वर्षांहून जास्त मुदतीने भाडेपट्ट्याने द्यायलाही लागते. कर्ज काढायलाही परवानगी हवी. व्यवहार करून मग परवानगी मागू, हा विचार सोडून द्या.

सहायक किंवा उप आयुक्तांनी नोंदणी वा चेंज रिपोर्ट नाकारला तर कलम ७० प्रमाणे धर्मादाय आयुक्तांकडे ६० दिवसांत अपील करता येतं. त्यासाठी आदेशाची प्रमाणित नक्कल लागते आणि ती मिळायला वेळ जातो. म्हणून आदेश कळला त्याच दिवशी नकलेचा अर्ज द्या आणि त्याची पोच जपून ठेवा. त्रुटी केवळ कागदाची असेल तर अपिलाच्या वाटेला जाण्याआधी रोजनाम्याची प्रत काढून बघा. कोणत्या तारखेला कोणता कागद मागितला होता आणि तो दाखल झाला की नाही, ते त्यात लिहिलेलं असतं.