हानामी आणि हिरवा चहा

हानामी ही चेरीचा म्हणजे साकुराचा बहर पाहायला झाडाखाली जमण्याची जपानी वसंतप्रथा आहे. फुले पाहणे हा तिचा निम्मा भाग. उरलेला निम्मा म्हणजे तिथेच बसून खाणेपिणे. पिण्यात साके या तांदळाच्या मद्याचा बोलबाला असल्याने बाहेरच्यांना हानामी म्हटले की तेच आठवते. पण हिरवा चहा या प्रथेत तितकाच खोल मुरला आहे आणि त्या चहाकडे लक्ष दिल्याशिवाय हानामीचा इतिहास नीट उलगडत नाही.

बहर सगळीकडे एकाच वेळी येत नाही. ओकिनावात गडद गुलाबी साकुरा जानेवारीतच फुलतो. तोक्यो आणि क्योतोत मार्चअखेर ते एप्रिलचा पहिला आठवडा, उत्तरेकडे आओमोरीतल्या हिरोसाकी किल्ल्यावर एप्रिलचा उत्तरार्ध आणि होक्काइदोत थेट मे महिना उजाडतो. एका जागचा पूर्ण बहर जेमतेम आठवडाभर टिकतो. मध्येच पावसाची सर आली तर तेवढाही नाही.

नारा काळात (७१०–७९४) दरबारी मंडळी कौतुक करत ती चीनमधून आलेल्या ‘उमे’ या जर्दाळूच्या जातकुळीतल्या झाडाच्या फुलांचे. आठव्या शतकातल्या काव्यसंग्रहात उमेवरच्या कविता शंभराहून अधिक आहेत, साकुरावरच्या चाळिसेक. पुढे दरबाराचे मन साकुराकडे वळले. सम्राट सागा याने ८१२ मध्ये क्योतोतल्या शिनसेनएन उद्यानात साकुराच्या बहरानिमित्त मेजवानी दिली, ही या प्रकारची पहिली नोंद मानली जाते. याच सागाला ८१५ मध्ये एइचू नावाच्या भिक्षूने स्वतः चहा करून दिला आणि जपानमधली चहापानाची पहिली स्पष्ट नोंदही तीच. दोन्ही परंपरांचा आरंभ एकाच सम्राटाच्या कारकिर्दीत सापडावा, ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. ती सांगायलाच हवी. त्यानंतर दरबारातला चहा मागे पडला. झेन भिक्षू एइसाई याने ११९१ मध्ये चीनमधून चहाचे बी आणले तेव्हा तो पुन्हा रुजला.

सरदारांच्या काळात हानामी हे वैभव मिरवण्याचे साधन झाले. तोयोतोमी हिदेयोशी याने १५९४ मध्ये योशिनोच्या डोंगरावर सुमारे पाच हजार माणसांचा लवाजमा नेला. १५९८ च्या वसंतात त्याने क्योतोजवळच्या दाइगोजी मंदिरात सुमारे ७०० झाडे आणून लावली आणि तेराशेच्या आसपास पाहुणे बोलावले. त्यात बहुतेक स्त्रिया होत्या. वाटेवर जागोजागी चहाघरे उभारली होती. हिदेयोशी चहाचा मोठा शौकीन; १५८७ मध्ये कितानोच्या देवळाच्या आवारात त्याने सामान्यांनाही आपापले भांडे घेऊन चहाला बोलावले होते. दाइगोजीच्या सोहळ्यानंतर काही महिन्यांतच तो वारला.

आजची हानामी मात्र या थाटातून आलेली नाही. ती घडली एदोत म्हणजे आजच्या तोक्योत, आठवा शोगुन म्हणजे लष्करी शासक तोकुगावा योशिमुने याच्या काळात (१७१६–१७४५). त्याने आसुकायामा टेकडीवर आणि सुमिदा नदीकाठी साकुराची लागवड करवली आणि शहरातल्या कष्टकऱ्यांनाही बहराखाली बसायला जागा मिळाली. सुमिदाकाठच्या चोमेइजी मंदिराच्या राखणदाराने १७१७ मध्ये साकुरामोची हा गोड पदार्थ विकायला काढला असे सांगतात. आणि १७३८ मध्ये उजीजवळच्या नागातानी सोएन याने कोवळी पाने वाफवून, हाताने वळून वाळवण्याची रीत बसवली. तिच्यातून ‘सेनचा’ हा हिरवागार चहा मिळाला. तोवर सामान्यांच्या वाट्याला येणारा चहा तपकिरी असे. झाडे, गोड आणि चहा हे तिन्ही वीस-बावीस वर्षांत जमून आले. ज्याला आपण प्राचीन म्हणतो ते चित्र खरे तर या काळाचे आहे.

त्यातली झाडेही पुढे बदलली. आज उद्यानांत सर्वाधिक दिसणारा फिकट गुलाबी ‘सोमेइ-योशिनो’ हा एदोच्या सोमेइ गावातल्या माळ्यांनी एकोणिसाव्या शतकात प्रसारात आणलेला संकर आहे. त्याची झाडे कलमांनीच वाढतात, म्हणून ती जनुकीयदृष्ट्या सारखी असतात आणि एका परिसरातली सगळी जवळजवळ एकदमच फुलतात. फुले पालवीच्या आधी येत असल्याने पानांचा आडोसा नसतो. हवामान खाते ठरावीक नमुना-झाडे पाहते. तोक्योचे झाड यासुकुनी देवस्थानात आहे. त्यावर पाच-सहा फुले उमलली की बहर सुरू झाल्याचे जाहीर होते आणि ८० टक्के कळ्या उमलल्या की पूर्ण बहर. जपानमध्ये नवे आर्थिक वर्ष आणि शाळेचे वर्ष १ एप्रिलला सुरू होते, त्यामुळे उद्यानात निळी ताडपत्री अंथरून सकाळपासून जागा धरून बसण्याचे काम बहुधा कार्यालयातल्या नव्या माणसाकडे येते.

चहा दोन प्रकारे येतो. घरून निघालेले कुटुंब थर्मासमधून सेनचा किंवा भाजक्या पानांचा होजिचा आणते. सेनचाला उकळते पाणी चालत नाही, तो कडवट-तुरट होतो; ७० ते ८० अंशांचे पाणी आणि मिनिटभर मुरवणे पुरते. ओतताना सगळ्या पेल्यांत आळीपाळीने थोडा थोडा ओततात, म्हणजे रंग आणि चव सारखी राहते, आणि किटलीतला शेवटचा थेंबही झटकून घेतात. दुसरा प्रकार ‘नोदाते’, म्हणजे चहाविधी खोलीबाहेर, उघड्यावर करणे. लाल लोकरी जाजम, लाल कागदी छत्री आणि पेटीत मावेल एवढे साहित्य. वाडग्यात सुमारे २ ग्रॅम माचा म्हणजे हिरव्या चहाची बारीक पूड घालून तिच्यावर साठ-सत्तर मिलिलिटर गरम पाणी ओततात. मग एकाच बांबूतून चिरून केलेल्या बारीक काड्यांच्या रवीने, ‘चासेन’ने, मनगट सैल ठेवून पुढे-मागे भरभर घुसळतात. फेस आला की वाडगा पाहुण्यासमोर येतो. गोड आधी खायचे असते, चहाबरोबर नव्हे. जिभेवरचा गोडवा विरता विरता माचाचा कडवटपणा यावा, हा हेतू.

ते गोड म्हणजे साकुरामोची. अझुकी या लाल कडधान्याचे, आपल्या पुरणाची आठवण करून देणारे सारण आत आणि बाहेर खारवलेले साकुराचे पान. तोक्योकडे आवरण पातळ धिरड्याचे, क्योतो-ओसाकाकडे चिकट तांदळाच्या कण्यांचे. पाने ओशिमा जातीच्या झाडाची असतात. इझु द्वीपकल्पातले मात्सुझाकी गाव त्यांसाठी प्रसिद्ध आहे. ताज्या पानाला वास जवळजवळ नसतो. मिठात मुरल्यावर त्यात कुमारिन हे सुगंधी द्रव्य तयार होते आणि दरवळ सुटतो. फुलेही अशीच दुहेरी पाकळ्यांच्या जातीची घेऊन मिठात आणि उमेच्या आंबट खारात मुरवतात. गरम पाण्यात एखादे फूल टाकले की ते उलगडते. त्याला ‘साकुरायु’ म्हणतात. साखरपुड्याला नेहमीचा चहा अशुभ मानतात, तिथे हेच पाणी देतात.

बहराखाली प्यायला जाणारा चहा मात्र नव्या हंगामाचा नसतो. चहाची पहिली खुडणी, ‘शिनचा’, एप्रिलच्या अखेरीपासून मे महिन्यात होते. परंपरेने ती वसंतारंभापासूनच्या अठ्ठ्याऐंशीव्या रात्रीशी, सुमारे २ मे रोजी, जोडलेली आहे. तोवर तोक्यो-क्योतोतल्या पाकळ्या कधीच गळून गेलेल्या असतात. म्हणजे हानामीचा चहा हा गेल्या वर्षीचा, मुरलेला. मला त्याची ती गोलाई ताज्या शिनचाच्या तजेल्यापेक्षा बहराला अधिक शोभणारी वाटते.

क्योतोत एप्रिलमध्ये गिओन भागात ‘मियाको ओदोरी’ हा नृत्योत्सव भरतो. १८७२ मध्ये सुरू झालेल्या या उत्सवात नृत्याआधी गेइको म्हणजे क्योतोतल्या गेइशा मेजाशी बसून प्रेक्षकांसमोर माचा करतात. सोबतच्या गोडाची चिमुकली बशी पाहुण्याने घरी न्यायची असते. तोक्योतल्या शिंजुकु ग्योएन उद्यानात मद्याला बंदी आहे, तिथली हानामी साहजिकच चहाची होते.

क्योतोत दरबारी आणि भिक्षूंच्या रोजनिशांमुळे बहराच्या तारखा नवव्या शतकापासून गोळा करता आल्या. त्यांत २०२१ मधला २६ मार्चचा पूर्ण बहर तोवरचा सर्वांत लवकरचा ठरला. आधीचा उच्चांक १४०९ चा, २७ मार्चचा होता. उबदार मार्चने चहाचे कोंबही लवकर फुटतात आणि उशिराच्या कडाक्याच्या थंडीने गोठतात, म्हणून मळ्यांत उंच खांबांवर वरची उबदार हवा खाली ढकलणारे पंखे बसवलेले दिसतात.

ओकायामातले कोराकुएन उद्यान सरदार इकेदा त्सुनामासा याने १७०० मध्ये पूर्ण केले. त्याच्या आवारात साकुराची झाडे आणि चहाचा मळा दोन्ही आहेत. पुण्याच्या सिंहगड रस्त्यावरचे पु. ल. देशपांडे उद्यान याच कोराकुएनच्या धर्तीवर बांधले आहे. साकुराच्या कळ्यांना उमलण्यासाठी हिवाळ्यात काही आठवडे कडक थंडी लागते. भारतात तसा बहर पाहायचा तर शिलाँग गाठावे. तिथे आयुर्वेदातले पद्मकाष्ठ, म्हणजे हिमालयी चेरी, नोव्हेंबरात फुलते.