एक शून्य की दोन शून्य: रूलेटला बसण्याआधी चाक बघा

सिंधुदुर्ग-रत्नागिरीकडून बांदा, पत्रादेवी ओलांडून पणजीला मांडवीतल्या कॅसिनो जहाजांवर जाणारे बरेच जण रूलेट, म्हणजे फिरत्या चाकात गोटी कोणत्या आकड्यावर थांबेल यावर पैसे लावायचा जुगार, सगळीकडे एकच समजतात. आपल्याकडे महाराष्ट्रात कॅसिनो नाहीत. कॅसिनोंना परवाने देण्यासाठीचा 1976 चा कायदा कधी लागूच झाला नाही आणि 2023 मध्ये तो रद्दही झाला. त्यामुळे हे टेबल जवळपास प्रत्यक्ष बघायला मिळतं ते गोव्यात, तेही वयाची 21 पूर्ण असतील तर. टेबलाशी गेल्यावर पहिला प्रश्न एकच: चाकावर शून्य किती?

युरोपियन चाकाला 37 घरं असतात, 0 ते 36. अमेरिकन चाकाला 38, कारण हिरवं 00 जास्तीचं. एवढाच फरक दिसतो आणि तिथेच फसगत होते, कारण जिंकल्यावर मिळणारे पैसे दोन्हीकडे सारखेच असतात. एका आकड्यावर लावलं तर 35 पट, दोन आकड्यांच्या मधल्या रेघेवर 17, तिघांच्या ओळीवर 11, चौघांच्या कोपऱ्यावर 8, डझन किंवा कॉलमवर (दोन्हीत 12-12 आकडे) 2, आणि लाल-काळा किंवा सम-विषमवर लावाल तेवढेच.

हिशेब करून बघा. प्रत्येक घरावर 100 रुपये ठेवले तर युरोपियन टेबलावर 3,700 जातात आणि जिंकलेल्या आकड्याचे, मूळ चिप (पैशांऐवजी लावायची चकती) धरून, 3,600 परत येतात. कॅसिनोला 100 उरले, म्हणजे 2.70 टक्के. अमेरिकन टेबलावर 3,800 लावून परत तेच 3,600. उरले 200, म्हणजे 5.26 टक्के. तासाला 40 फेऱ्या आणि दर फेरीला 500 रुपये धरले तर एकूण 20,000 लावले जातात. त्यात सरासरी तोटा युरोपियनवर सुमारे 540, अमेरिकनवर सुमारे 1,050. एखाद्या संध्याकाळी नशीब कुठेही नेईल, पण हा फरक प्रत्येक फेरीत चालूच असतो.

अमेरिकन पटावर (टेबलावर आकडे छापलेल्या कापडावर) एक डाव तर मुळीच लावू नये: 0, 00, 1, 2, 3 असे पाच आकडे एकत्र. त्याला 6 पट मिळतात. पाच आकड्यांना 36 चा हिशेब नीट बसत नाही, म्हणून कॅसिनोचा वाटा थेट 7.89 टक्क्यांवर जातो. युरोपियन पटावर त्याच कोपऱ्यात 0, 1, 2, 3 हे चार आकडे असतात, त्यांना 8 पट मिळतात आणि वाटा 2.70 च राहतो. चिप ठेवायची जागा दिसायला जवळजवळ तीच, म्हणून सवयीने हात तिथे जातो.

चाकावरची मांडणीही वेगळी असते. युरोपियन चाकात शून्याच्या एका बाजूला 32 आणि दुसऱ्या बाजूला 26. अमेरिकन चाकात 0 च्या शेजारी 28 आणि 2, आणि अगदी समोर 00. ‘शून्याचे शेजारी’ हा 17 आकड्यांचा, 9 चिपांचा डाव युरोपियन चाकाच्या क्रमावर बेतलेला आहे. तेच आकडे अमेरिकन पटावर लावले तर चाकावर ते विखुरलेले असतात. शेजारी म्हणून काही उरत नाही.

आता फ्रेंच रूलेट. चाक युरोपियनच, फरक नियमात. ‘ला पार्ताज’ असेल तर शून्य आल्यावर लाल-काळा, सम-विषम, लहान-मोठा (1 ते 18 किंवा 19 ते 36) यांवरची निम्मी रक्कम परत मिळते आणि कॅसिनोचा वाटा 1.35 टक्क्यांवर येतो. ‘आँ प्रिझों’मध्ये चिप तिथेच अडकून पडते, पुढच्या फेरीत तुमची बाजू आली तर मूळ रक्कम सुटते, नफा नाही, नाही आली तर गेली. एका आकड्यावर किंवा डझनवर यातला कोणताही नियम लागू होत नाही. टेबलावर ‘फ्रेंच’ लिहिलंय म्हणून नियम आहेच असं धरू नका, डीलरला (टेबल चालवणाऱ्याला) विचारा: ‘शून्य आलं तर निम्मे परत मिळतात का?’ लास वेगासमध्ये 000 असलेली टेबलंही आहेत, 39 घरांची. तिथे वाटा 7.69 टक्के.

हरलं की दुप्पट लावायचं, ही युक्ती कुठल्याच चाकावर टिकत नाही. 500 पासून सुरुवात केली तर सलग सहा वेळा हरल्यावर 31,500 गेलेले असतात आणि पुढचा डाव 32,000 चा, जो बहुधा टेबलाच्या कमाल मर्यादेबाहेरचा असतो. लाल-काळ्यावर सलग सहा वेळा हरण्याची पाळी युरोपियन चाकावर साधारण 55 वेळांत एकदा येते, अमेरिकनवर 47 वेळांत एकदा.

उरलेल्या गोष्टी दोन्ही टेबलांना सारख्याच. रूलेटच्या रंगीत चिपांची किंमत त्याच टेबलापुरती, तुम्ही घेताना ठरलेली असते. उठताना त्या डीलरकडून साध्या चिपांत बदलून घ्या, कॅशियर रंगीत चिपा घेत नाही. किमान रकमेची पाटी वाचताना आकड्यांवरची आणि बाहेरच्या डावांची (लाल-काळा, सम-विषम, डझन वगैरे) मर्यादा वेगवेगळी बघा: आकड्यांवर ती बहुधा सगळे डाव मिळून धरतात, लाल-काळ्यावर प्रत्येक डावाला. ‘नो मोअर बेट्स’ म्हटल्यावर चिप सरकवू नका, आणि जिंकलेल्या आकड्यावर ठेवलेली खूण डीलरने उचलेपर्यंत पटाला हात लावू नका.