घाटाचा राजा (सायकल शर्यत)

घाटाचा राजा : रस्त्यावरील सायकल शर्यतीत घाटमाथा सर्वांत आधी गाठणाऱ्या सायकलपटूला मिळणारा किताब. अनेक दिवसांच्या शर्यतीत सगळ्या घाटांवर मिळून सर्वाधिक गुण मिळवणारा त्याचा मानकरी ठरतो. पुण्यात हा किताब मुंबई–पुणे सायकल शर्यतीमुळे घराघरांत माहीत झाला; तिथे खंडाळ्याचा घाट सर्वांत आधी चढून जाणारा घाटाचा राजा. जगभरात याच मानाची खूण म्हणजे टूर द फ्रान्स या फ्रान्समधल्या अनेक दिवसांच्या शर्यतीतली पांढऱ्यावर लाल ठिपक्यांची जर्सी. घाटाचा राजा शर्यतही जिंकेलच असे नसते. घाटमाथ्यापुढे किती रस्ता उरला आहे, यावर ते बहुतांशी ठरते.

चढावर काय बदलते

सपाट रस्त्यावर ताशी ४० किलोमीटरच्या वेगाने जाताना सायकलपटूची बहुतेक ताकद हवा कापण्यात जाते. पुढच्याच्या मागच्या चाकाला वीतभर अंतरावर चिकटून राहिले, की तिसरा हिस्सा श्रम सहज वाचतात. मोठ्या घोळक्याच्या पोटात तर त्याहून कितीतरी जास्त. म्हणून सपाटीवर एकट्याने निसटून जाणारा बहुधा पकडला जातो. मागचे आळीपाळीने पुढे येऊन वारा अंगावर घेतात, त्याला मात्र तो सतत एकट्यानेच झेलावा लागतो.

घाट लागला की हा हिशेब उलटतो. वेग ताशी १५–२० वर येतो, हवेचा अडथळा कमी होतो आणि सगळे काम आपले व सायकलचे वजन वर नेण्याचे उरते. दुसऱ्याच्या आडोशाला लपून चढता येत नाही. इथे निर्णायक ठरते ते एकच माप : शरीराच्या प्रत्येक किलोमागे किती वॉट शक्ती किती वेळ टिकवता येते. नियमित सराव करणारा हौशी सायकलपटू अर्ध्या तासाच्या चढावर किलोमागे तीनेक वॉट देतो. जगातले सर्वोत्तम चढाईपटू सहाच्या आसपास. घाटाचे राजे बहुतेक अंगाने सडपातळ असतात ते यामुळेच. सायकल व स्वार मिळून ७० किलो वजन धरले आणि त्यातले एक किलो कमी झाले, तर ४० मिनिटांच्या घाटात अर्ध्या मिनिटाहून थोडा जास्त वेळ वाचतो. हा फरक शर्यतीत फार मोठा आहे. सायकल किती हलकी करायची यालाही मर्यादा आहे. आंतरराष्ट्रीय सायकल महासंघाच्या नियमानुसार शर्यतीतली सायकल ६.८ किलोपेक्षा हलकी चालत नाही.

खंडाळ्याचा घाट

मुंबई–पुणे शर्यत पनवेल, खोपोली, खंडाळा, लोणावळा या जुन्या महामार्गाच्या वाटेने होत आली आहे. मध्ये खंड पडत राहिले तरी लोकांच्या मनातून ती गेलेली नाही. तिचा सारा नाट्यभाग खोपोलीनंतर आहे. खोपोली समुद्रसपाटीपासून जेमतेम ६० मीटर उंचीवर, तर खंडाळा साडेपाचशे मीटरच्या घरात. कोकणातल्या दमट हवेत सत्तरएक किलोमीटर सायकल हाणून पाय जड झालेले असताना हा चढ समोर येतो. घोळका खोपोलीत एकत्र शिरतो आणि पहिल्या काही वळणांतच त्याची माळ होते. शिंग्रोबाच्या देवळाजवळचा रस्ता असा अंगावर येतो, की बसून पायडल मारणारेही सीटवरून उठतात. पुढच्याच्या खांद्यांची हालचाल बघावी : खांदे डावी-उजवीकडे झुलू लागले, की त्याचा दम संपत आला असे जाणकार समजतात. ज्याची पाठ स्थिर आणि पाय सारख्या लयीत फिरताहेत, तोच माथ्यावर पहिला येण्याची शक्यता जास्त.

माथ्यावर किताब मिळतो, शर्यत मात्र संपत नाही. लोणावळा सुमारे सव्वासहाशे मीटरवर आणि पुणे साडेपाचशेच्या थोडे वर. म्हणजे उरलेल्या साठ-पासष्ट किलोमीटरांत मोठा चढही नाही आणि मोठा उतारही नाही. कामशेत, वडगाव, तळेगाव, देहूरोड हा सारा टापू पाठलाग करणाऱ्यांचा. घाटात दोन मिनिटे कमावलेला एकटा खेळाडू इथे वारा खात राहतो आणि मागून पाच-सहा जणांची टोळी एकमेकांना आडोसा देत त्याला गाठते. म्हणूनच या शर्यतीत घाटाचा किताब वेगळा ठेवणे न्याय्य आहे. तो नसता, तर शर्यतीतला सर्वांत अवघड तुकडा ज्याने गाजवला त्याचे नाव निकालात कुठेच दिसले नसते.

फ्रान्समधील डोंगर

टूर द फ्रान्स १९०३ साली सुरू झाली. १९०५ मध्ये तिने बालाँ दाल्सास हा डोंगर घेतला. खरी कसोटी आली १९१० मध्ये, शर्यत पिरेनीज पर्वतात शिरली तेव्हा. तिथला एक टप्पा ल्युशाँ ते बायोन असा ३२६ किलोमीटरांचा होता आणि वाटेत २,११५ मीटर उंचीचा तुर्माले घाट होता. रस्ते कच्चे, सायकली वजनदार, गिअर बदलायची सोय नाही. ऑक्टाव्ह लापिझ कधी चालवत, कधी ढकलत माथ्यावर पहिला आला. ग्युस्ताव्ह गारिगूने सायकलवरून न उतरता घाट चढला म्हणून त्याला १०० फ्रँकचे बक्षीस मिळाले. पुढच्या ओबिस्क घाटात लापिझ आयोजकांवर ‘खुनी आहात तुम्ही’ असे ओरडला. ती शर्यत त्यानेच जिंकली. १९१७ मध्ये पहिल्या महायुद्धात लढाऊ वैमानिक असताना तो मारला गेला.

घाटातली कमाई उतारावर कशी जाते, याचे सर्वांत हृदयद्रावक उदाहरण १९१३ चे आहे. तुर्मालेच्या उतारावर यूजेन क्रिस्तोफच्या सायकलचा पुढचा फोर्क, म्हणजे पुढचे चाक धरणारा दुबेळका भाग, तुटला. तेव्हाच्या नियमानुसार दुरुस्ती स्वतःच करायची होती. तो सायकल खांद्यावर घेऊन दहा किलोमीटरांहून जास्त चालत सेंत मारी द कॉम्पाँ या गावी पोहोचला आणि तिथल्या लोहाराच्या भट्टीवर स्वतःच्या हाताने फोर्क सांधला. शर्यतीचे अधिकारी शेजारी उभे राहून बघत होते. भाता एका मुलाने हलवला, ही बाहेरची मदत ठरली आणि क्रिस्तोफला वेळेचा दंड झाला. शर्यत त्याच्या हातून गेली होतीच.

डोंगरातल्या कामगिरीचा स्वतंत्र किताब टूरमध्ये १९३३ पासून अधिकृत झाला. पहिला मानकरी स्पेनचा छोट्या चणीचा विसेन्ते त्रुएबा. त्याने एकामागून एक घाटमाथे पहिल्या क्रमांकाने गाठले, पण उतारावर तो कच्चा होता. मागचे त्याला दर वेळी गाठत आणि एकूण क्रमवारीत तो सहावा राहिला. पुढच्याच वर्षी घाटमाथ्यावर पहिला येणाऱ्याला वेळेची सूट देण्यास सुरुवात झाली. लाल ठिपक्यांची जर्सी मात्र बऱ्याच नंतरची, १९७५ ची. पुलाँ या चॉकलेट कंपनीने तेव्हा किताब पुरस्कृत केला होता.

गुण देण्यासाठी घाटांचे वर्ग पाडले आहेत. चौथा वर्ग सर्वांत सोपा, पहिला अवघड आणि त्याच्याही वर ‘वर्गाबाहेरचा’ घाट. वर्गाबाहेरच्या घाटावर पहिल्याला २० गुण मिळतात, पहिल्या वर्गात १०, चौथ्या वर्गात अवघा १. वर्ग ठरवताना लांबी आणि तीव्रता पाहतात. तीव्रता टक्क्यांत सांगतात : ८ टक्के म्हणजे १०० मीटर पुढे जाताना ८ मीटर वर. आल्प द्युएझ हा २१ वळणांचा प्रसिद्ध घाट १३.८ किलोमीटर लांब आणि सरासरी ८.१ टक्के चढाचा आहे.

थोर चढाईपटू

फेदेरिको बाहामोन्तेस हा या परंपरेतला सर्वांत लोभस खेळाडू. स्पेनच्या तोलेदो गावचा म्हणून त्याला तोलेदोचा गरुड म्हणत. त्याने हा किताब सहा वेळा मिळवला. १९५४ मध्ये एका घाटमाथ्यावर तो सगळ्यांच्या पुढे पोहोचला आणि आइस्क्रीम खात थांबला. लोकांनी याला लहरीपणा म्हटले. चाकाच्या तारा तुटल्या होत्या आणि मदतीची गाडी मागे राहिली होती, असे त्याने पुढे सांगितले. उताराची त्याला धास्ती होती हेही खरे. १९५९ मध्ये मात्र त्याने पूर्ण टूर जिंकली. २०२३ मध्ये वयाच्या ९५ व्या वर्षी तो वारला. बेल्जियमच्या ल्युसिएँ व्हान इम्पेनेही सहा वेळा किताब घेतला आणि १९७६ ची टूर जिंकली. लक्झेंबर्गचा शार्ली गोल थंडी-पावसात सर्वांत खुलून चढायचा. १९५६ च्या जिरो द’इटालिया या इटलीतल्या मोठ्या शर्यतीत मोंते बोंदोने या डोंगरावर बर्फ पडत असताना त्याने शर्यत फिरवली.

एडी मेर्क्स या सगळ्यांहून वेगळा. तो केवळ चढाईपटू नव्हता, पण १९६९ मध्ये त्याने एकूण विजेतेपद, टप्प्यांतल्या क्रमांकांवरून मिळणारी गुणांची जर्सी आणि डोंगरांचा किताब हे तिन्ही एकाच टूरमध्ये मिळवले. त्या वर्षी तुर्मालेच्या माथ्यावर पुढे निघून तो थांबलाच नाही. टप्पा जिथे संपत होता त्या मुरँक्सपर्यंतचे सव्वाशेहून अधिक किलोमीटर त्याने एकट्याने कापले आणि जवळपास ८ मिनिटांनी टप्पा जिंकला. घाटानंतरचा लांबलचक सपाट रस्ता एकट्याने टिकवणारे असे खेळाडू विरळाच.

किताबांची संख्या पाहिली तर फ्रान्सचा रिशार व्हिराँक सात किताबांसह सर्वांत पुढे आहे. पण १९९८ मध्ये उत्तेजकांच्या प्रकरणात त्याचा फेस्टिना संघ टूरबाहेर काढला गेला आणि २००० मध्ये त्याने उत्तेजक घेतल्याची कबुली दिली. इटलीचा मार्को पान्तानी १९९८ मध्ये जिरो आणि टूर दोन्ही जिंकला; पुढच्या वर्षी जिरोत आघाडीवर असताना रक्तचाचणीत अडकून बाहेर पडला आणि २००४ मध्ये त्याचा अकाली अंत झाला. चढाईचा सारा खेळ रक्त किती प्राणवायू वाहून नेते यावर असल्याने रक्तातल्या तांबड्या पेशी वाढवणाऱ्या ईपीओ या औषधाचा मोह इथे सर्वांत जास्त होता. त्या काळातल्या घाटांच्या वेळा म्हणूनच निर्मळ मनाने वाचता येत नाहीत, आणि बाहामोन्तेस किंवा व्हान इम्पे यांच्या शेजारी त्या आकड्यांना मांडणे अन्यायाचे आहे.

माथ्यावरच संपणारे टप्पे

टूरचे टप्पे घाटमाथ्यावर संपवण्याची पद्धत १९५२ मध्ये सुरू झाली. आल्प द्युएझवरचा पहिला टप्पा फाउस्तो कोप्पीने जिंकला, एकूण शर्यत आणि डोंगरांचा किताबही त्याचाच. यात पाठलागाला रस्ताच उरत नाही, चढावर मिळवलेला प्रत्येक सेकंद तसाच हिशेबात धरला जातो. अलीकडे असे टप्पे वाढल्याने दोन्ही मान एकाच खेळाडूकडे जाताना दिसतात. स्लोव्हेनियाच्या तादेय पोगाचारने २०२०, २०२१ आणि २०२५ मध्ये एकूण विजेत्याची पिवळी जर्सी आणि ठिपक्यांची जर्सी एकत्र जिंकली. २०२२ मध्ये डेन्मार्कच्या योनास व्हिंगेगोरने. केवळ डोंगरांसाठी झुंजणारा, दूरवरून एकट्याने निघणारा जुन्या धाटणीचा चढाईपटू त्यामुळे मागे पडत चालला आहे, आणि हे खेळाचे नुकसान आहे. २०२२ मध्ये नव्याने सुरू झालेल्या महिलांच्या टूरमध्ये मात्र पहिल्याच वर्षी दोन मान दोघींकडे गेले : शर्यत आनेमीक व्हान व्ल्यूटेनने जिंकली, डोंगरांची जर्सी डेमी व्होलरिंगने.

पुणे परिसर

पुण्याच्या सायकलपटूंना सरावासाठी घाट शोधत फिरावे लागत नाही. कात्रज, बोपदेव आणि दिवे हे तीन घाट शहराच्या दक्षिण-पूर्व कडेला आहेत आणि एका सकाळी त्यांतले दोन जोडता येतात. पश्चिमेला मुळशीपलीकडे ताम्हिणी, दक्षिणेला महाबळेश्वरच्या वाटेवर खंबाटकी आणि वाईपुढे पसरणी. बालेवाडीच्या क्रीडासंकुलात वेलोड्रोमही आहे. पण इथल्या सायकलपटूची ओळख गोल धावपट्टीपेक्षा घाटातच जास्त होते. १९ ते २३ जानेवारी २०२६ या काळात झालेल्या पुणे ग्रँड टूरने आंतरराष्ट्रीय महासंघाच्या २.२ दर्जाची (पहिला २ म्हणजे अनेक टप्प्यांची, दुसरा २ म्हणजे दुसऱ्या वर्गाची) शर्यत जिल्ह्याच्या याच रस्त्यांवर आणली. सुरुवातीची एक छोटी प्रस्तावना-फेरी आणि चार टप्पे मिळून ४३७ किलोमीटरांची ही शर्यत भारतातली या दर्जाची पहिलीच.

सिंहगडाचा रस्ता मात्र या सगळ्यांपासून वेगळा काढावा लागतो. बाकीचे घाट ओलांडून पुढे जाता येते. हा गडाच्या वाहनतळावर संपतो. इथे पाठलाग नाही, वाऱ्याचा हिशेब नाही. चढ सुरू झाला की शेवटापर्यंत चढच, त्यामुळे खेळाडू आपली तयारी जोखायला इथलीच वेळ मोजतात. आठ-नऊ किलोमीटरांच्या या चढात मधली काही वळणे इतकी तीव्र आहेत, की सुरुवातीला जोर लावणारा तिथे हमखास अडकतो. पहिल्या दोन किलोमीटरांत गिअर हलका ठेवावा, असे जुने खेळाडू नव्यांना सांगतात. रविवारी उजाडल्यावर गडावर भज्यांसाठी आणि मडक्यातल्या दह्यासाठी जाणाऱ्या गाड्यांची रीघ लागते, तेव्हा त्याआधी वर पोहोचून उतरायलाही लागलेले बरे. पावसाळ्यात वळणांवर शेवाळ धरते आणि दरडीचे दगड रस्त्यावर येतात, म्हणून त्या चार महिन्यांत चढताना मोजलेल्या वेळेपेक्षा उतरताना दाबलेल्या ब्रेककडे जास्त लक्ष द्यावे लागते.