भिंगावरचा पांढरा तुकडा

उन्हाळ्याच्या सुटीत भाची इंदूरला, रामबागेतल्या आमच्या घरी आली की दुपारभर वह्या-रंगांचा पसारा असतो. यंदा तिला गुप्तहेराचं भिंग काढायचं होतं. तसं सोपं काम. मोठी बांगडी ठेवून एक गोल, त्याच्या आत जरा लहान बांगडीचा दुसरा. मधली पट्टी म्हणजे चौकट. मग उजवीकडे खाली तिरकी मूठ. मुठीची मधली रेघ मनातल्या मनात पुढे नेली तर ती गोलाच्या मध्यातून जायला हवी, नाहीतर भिंगाची मान मोडल्यासारखी दिसते. शेवटी डावीकडे वर, कडेला धरून, एक वाकडा पांढरा तुकडा सोडायचा. तो विसरलात तर भिंगाऐवजी पुऱ्या तळायचा झारा होतो.

"मावशी, हा पांढरा तुकडा कशाचा गं?"

खिडकीचा. काच उजेड आरपार जाऊ देते, पण सगळा नाही. समोरून पडलेल्या उजेडातला सुमारे 4 टक्के पृष्ठभागावरूनच परत फिरतो. खिडकी इतकी झगझगीत असते की तेवढाही पुरतो. फुगीर काचेत ती आक्रसते, वाकते, आणि चित्रकार तेवढंच उचलतो. (गुप्तहेर भर मैदानात उभा असला तरी त्याच्या भिंगात खिडकी चमकते, हे सोडून द्या.) तुकडा डावीकडे वरच का? उजेड वरून येतो हे आपल्या डोळ्यांनी गृहीतच धरलेलं असतं. खालून चमकणारी काच बघणाऱ्याला खटकते.

खरी गंमत मात्र कार्टूनमध्ये सहसा येत नाही. घरातलं भिंग घ्या, खिडकीकडे तोंड करून जरा तिरकं धरा आणि काचेतून पलीकडे न बघता काचेवर बघा. खिडक्या दोन दिसतील. एक सुलटी, ती पुढच्या फुगीर बाजूवरची. दुसरी उलटी, मागच्या बाजूवरून परतलेली. कारण ती बाजू आतून पाहिली तर खोलगट आहे, चमच्याच्या पोटासारखी. खिडकीजवळ कुणाला हात वर करायला सांगा: एका प्रतिमेत हात वर जातो, दुसरीत खाली. भाचीने हा खेळ माझ्याकडून पंधरा वेळा करून घेतला.

मग तिने भिंगात मुंगी काढली, हत्तीएवढी. इथे मला बोलावंच लागलं.

वाचायला वापरतात त्या हातातल्या भिंगाचं नाभीय अंतर, म्हणजे लांबून आलेला उजेड भिंगापलीकडे जिथे एका ठिपक्यात गोळा होतो तिथवरचं अंतर, समजा 10 सेंटिमीटर आहे. डोळ्यांना ताण न पडता आपण 25 सेंटिमीटरवरचं वाचतो, म्हणून 25 भागिले 10, म्हणजे मुंगी अडीच पट दिसणार. हत्ती हवा असेल तर नाभीय अंतर कमी करा, म्हणजे काच जास्त फुगवा. पण काचेचा अपवर्तनांक, म्हणजे ती उजेड किती वाकवते त्याचं माप, साधारण 1.5 असतो, आणि दोन्ही बाजू सारख्या फुगीर असल्या तर नाभीय अंतर जवळजवळ फुगवट्याच्या त्रिज्येएवढंच भरतं. 10 पट मोठं दाखवायचं तर नाभीय अंतर 2.5 सेंटिमीटर, आणि त्रिज्याही तेवढीच. अशा गोळ्यातून कापलेल्या दोन चकत्या पाठीला पाठ लावल्या तरी त्यांची रुंदी 5 सेंटिमीटरपुढे जाणार नाही. आणि तिथे पोचेपर्यंत भिंगाची गोटी झालेली असते. म्हणजे थाळीएवढं आणि दहा पट दाखवणारं साधं काचेचं भिंग निव्वळ भूमितीतच बसत नाही.

हे पटवायला तिला सराफ्यात नेलं. रात्री तिथे खाण्यापिण्याची गर्दी उसळते, पण दुपारी दुकानं दागिन्यांची असतात. एका पेढीवर सराफ डोळ्याला लावून हिरा बघत होते. भिंग बटणाएवढं, दहा पट. हिरा त्यांनी जवळजवळ पापणीला टेकवला होता, कारण तो 2.5 सेंटिमीटरच्या आसपासच धरावा लागतो. सतराव्या शतकात डेल्फ्टचा कापडव्यापारी लेव्हेनहूक याच वाटेने टोकाला गेला. त्याच्या उरलेल्या उपकरणांतलं सर्वांत जोरकस एकाच इवल्या भिंगातून सुमारे 270 पट दाखवतं. म्हणजे नाभीय अंतर 1 मिलिमीटरच्याही आत! जिवाणू माणसाला पहिल्यांदा दिसले ते अशा दाण्याएवढ्या काचेतून.

परतताना राजवाड्यासमोर तिने आमचं घरचं भिंग हात लांब करून धरलं आणि ओरडलीच. सात मजले डोक्यावर उभे! वस्तू नाभीय अंतराच्या आत असेल तरच भिंग सुलटं आणि मोठं दाखवतं. लांबच्या वस्तूची छोटी उलटी प्रतिमा भिंगाच्या अलीकडे हवेतच तयार होते. गुप्तहेराने भिंग डोळ्याला लावून लांबचे पायाचे ठसे शोधले तर त्याला नुसता धूसर गोळा दिसेल. त्याला उकिडवं बसायलाच हवं. त्याचा स्वतःचा डोळा मात्र समोरच्याला खरोखरच बटाट्याएवढा दिसतो, कारण तो भिंगाला लागून, नाभीय अंतराच्या आत असतो. एवढं व्यंगचित्रकारांचं अगदी बरोबर.

घरी येऊन भाचीने चित्रात उलटी खिडकी काढली, गजांसकट. मुंगी मात्र हत्तीएवढीच ठेवली.