'कायमचं' डायलिसिस: एका शब्दामागचा इतिहास

"डॉक्टर, डायलिसिस एकदा सुरू केलं की कायमचं करावं लागतं ना?" वाढलेल्या क्रिएटिनीनचा (मूत्रपिंडं थकली की रक्तात साठणारा घटक) रिपोर्ट घेऊन समोर बसलेला जवळजवळ प्रत्येक पेशंट मला हे विचारतो. सोबत आलेली बायको किंवा भाऊ खाली बघत राहतात. डायलिसिस म्हणजे निकामी मूत्रपिंडांऐवजी यंत्राने रक्त साफ करणं; त्याची ही भीती मला कळते. पण ज्या 'कायमचं'ला आपण भितो, ते हाती यावं म्हणून डॉक्टरांनी वर्षानुवर्षं जिवाचं रान केलं.

१९३८ साली नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनच्या रुग्णालयात विलेम कोल्फ या तरुण डॉक्टरच्या डोळ्यांदेखत २२ वर्षांचा एक मुलगा मूत्रपिंडं निकामी होऊन गेला. रक्तातला युरिया रोज थोडा जरी काढता आला असता, तर? हा प्रश्न कोल्फच्या मनातून गेला नाही. पुढे जर्मन फौजांनी देश ताब्यात घेतला. तशा काळात, काम्पेन या छोट्या गावात, १९४३ मध्ये त्याने यंत्र उभं केलं: लाकडी पट्ट्यांचं फिरतं पिंप, त्याभोवती गुंडाळलेली सेलोफेनची नळी (सॉसेज भरायला वापरतात तीच) आणि खाली क्षारांच्या पाण्याची टाकी. रक्त नळीतून फिरायचं, त्यातली घाण पाण्यात उतरायची. आजचं यंत्र याच तत्त्वावर चालतं. सुरुवातीचे जवळपास सगळे पेशंट दगावले. अखेर १९४५ मध्ये ६७ वर्षांची एक बाई या यंत्रामुळे बेशुद्धीतून जागी झाली. इतक्या मृत्यूंनंतरही कोल्फ थांबला नाही, याचं मला आजही नवल वाटतं.

ती बाई वाचली, कारण तिची मूत्रपिंडं पुन्हा काम करू लागली. ज्यांची कायमची गेली होती, त्यांच्यासाठी मात्र दार बंदच होतं. दर खेपेला नवी रोहिणी आणि नवी नीला उघडावी लागे, आणि थोड्याच खेपांत रक्तवाहिन्या संपत. यंत्र तयार असूनही पेशंटला घरी पाठवावं लागे.

१९६० साली अमेरिकेतल्या सिएटलमध्ये डॉ. बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी टेफ्लॉनच्या नळ्या पेशंटच्या हातातल्या रक्तवाहिन्यांत बसवून तशाच ठेवल्या. डायलिसिस नसताना त्या एकमेकींना जोडून ठेवायच्या, म्हणजे रक्त वाहतं राहायचं. त्यांचा पहिला पेशंट अकरा वर्षं जगला.

मग लगेच दुसरा पेच आला. यंत्रं मोजकी, माणसं अनेक. १९६२ मध्ये तिथे सात जणांची समिती नेमली गेली. त्यात धर्मगुरू होते, वकील होते, एक गृहिणीही होती. लग्न झालंय का, मुलं किती, कमाई किती, हे बघून कोणाला यंत्र द्यायचं ते ही माणसं ठरवत. त्यांना दोष द्यायला माझी जीभ वळत नाही. अमेरिकेने १९७२ मध्ये कायदा करून हा खर्च सरकारवर घेतला.

१९६६ मध्ये न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी मनगटाजवळची रोहिणी नीलेला थेट जोडण्याची पद्धत मांडली. हाच आपला फिस्टुला. बाहेर नळी नाही, जंतुसंसर्गाची धास्ती कमी.

मूत्रपिंडाच्या प्रत्यारोपणाची वाट वेगळी. १९५४ मध्ये बोस्टनला जुळ्या भावांमध्ये ते पहिल्यांदा यशस्वी झालं. भारतात जिवंत दात्याच्या मूत्रपिंडाचं पहिलं यशस्वी प्रत्यारोपण १९७१ मध्ये वेल्लोरला झालं. नंतर किडनीचा बाजार मांडला गेला, गरिबांच्या पोटावर टाके पडले, आणि अवयव प्रत्यारोपणाचा १९९४ चा कायदा आला. तो सुरुवातीलाच लागू करणाऱ्या राज्यांत महाराष्ट्र आणि गोवा होते. कायद्याने विक्रीला बंदी केली. घरात किडनी कोणी द्यायची, हे मात्र घरच ठरवतं. आपल्याकडे देणाऱ्यांत आई आणि बायकोच जास्त असतात, आणि मिळणाऱ्यांत पुरुष. संमतीपत्रावर सही घेताना मी त्या बाईशी नेहमी एकटीशी बोलतो.

२०१६ पासून राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमामुळे जिल्हा रुग्णालयांत गरिबांसाठी मोफत सोय होऊ लागली. तरी आठवड्यातून तीनदा, चार-चार तास. पहाटेची एसटी, बुडालेली मजुरी, सोबत येणाऱ्याचाही खाडा. सिएटलच्या समितीचं काम इथे अंतर करतं. तिसरी खेप आधी चुकते, मग दुसरी.

म्हणून 'कायमचं' हा शब्द निघाला की मी डायलिसिसच्या खोलीतल्या एखाद्या जुन्या पेशंटला विचारून नव्या माणसाला आत नेतो. फिस्टुलावर बोटं ठेवायला सांगतो. आत रक्ताची थरथर लागते. "किती वर्षं झाली?" नवा माणूस विचारतो, आणि मग ते दोघंच बोलत बसतात.